हस्तूर ते हस्तर : एका नावाचा छापील प्रवास

सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातील कवठे महांकाळ ह्या तालुक्याच्या गावाचे नाव ध्वनिपरिवर्तनाच्या अभ्यासकाला फारसे अडवीत नाही. ‘कवठे’ हे कवठाच्या झाडाशी जोडले जाते आणि ‘कवठ’ हे संस्कृत ‘कपित्थ’ ह्याचे वंशज होय. स्वरांमध्ये आलेल्या ‘प’चा ‘व’ होणे हे मराठीच्या नित्य नियमाला धरून आहे. दंत्याचा मूर्धन्य होणे तितके नित्य नसले तरी ‘ग्रन्थि’पासून ‘गाठ’ झाली तेथेही तेच घडलेले दिसते. ‘महांकाळ’ ह्या उत्तरपदात ‘महाकाल’ ह्यातील स्वरमध्य ‘ल’चा ‘ळ’ झाला आहे आणि व्युत्पत्तीने न मिळणारे एक अनुनासिक मध्येच शिरले आहे. शेजारच्या तासगाव तालुक्यात ‘कवठे एकंद’ असल्याने हे उत्तरपद गावाची ओळख पटविण्यासही उपयोगी पडते. थोडक्यात, हे नाव पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या तोंडात घोळले व त्या घोळण्याच्या खुणा त्याच्या अंगावर उमटल्या. मधल्या पायऱ्या कोणी टिपून ठेवल्या नसल्या तरी नियमांच्या आधाराने त्या पुन्हा उभ्या करता येतात.

ह्याच तालुक्यात आरेवाडी आहे. तेथील बिरोबाचे बन हे धनगर समाजाचे मोठे श्रद्धास्थान होय. ‘बिरोबा’ ह्या नावातील ‘बिर’ म्हणजे ‘वीर’. आद्य ‘व’चा ‘ब’ होणे हे कन्नडच्या वळणाचे लक्षण असून, कर्नाटकाला लागून असलेल्या ह्या टापूत ते आढळावे ह्यात नवल नाही. सीमेपलीकडे हाच देव बीरप्पा होतो, तर कोल्हापूरकडे पट्टणकोडोलीला बिरदेव. मेंढपाळांच्या ह्या देवाचे नाव मेंढरांबरोबर चालत गेले आणि ज्या बोलीत मुक्काम पडला त्या बोलीचा रंग घेत राहिले.

ह्यांच्या शेजारी एक तिसरे नाव ठेवून पाहण्याजोगे आहे. तेही आरंभी मेंढपाळांच्या देवाचेच नाव होते. १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘तुंबाड’ ह्या हिंदी चित्रपटात ‘हस्तर’ नावाचा एक शापित देव आहे. पूर्तीच्या देवीचे हे पहिले अपत्य. त्याला सोन्याचा आणि धान्याचा लोभ सुटला. सोने त्याने घेतले, पण धान्याला हात घालताच इतर देवांनी त्याला घेरले. आईने त्याला वाचविले ते एका अटीवर : त्याची पूजा कधी होणार नाही आणि त्याचे नाव विस्मृतीत जाईल. चित्रपटाचे दिग्दर्शक राही अनिल बर्वे मराठी, कथेची भूमी कोकणची आणि नावाचा घाट ‘प्रस्तर’, ‘अस्तर’ ह्या परिचित शब्दांसारखा. तेव्हा हे नाव कोठल्यातरी अप्रसिद्ध पुराणातून किंवा कोकणातील एखाद्या दंतकथेतून उचलले असावे असे प्रेक्षकाला वाटल्यास त्याला दोष देता येणार नाही. शिवाय ते पुराणांत का सापडत नाही ह्याचे उत्तर कथेनेच देऊन ठेवले आहे; त्याच्या विस्मरणाचीच अट होती. पुराव्याचा अभाव हाच पुरावा ठरावा अशी ही योजना आहे. कथाकाराच्या दृष्टीने ती चतुर आहे, व्युत्पत्तिकाराच्या दृष्टीने मात्र धोक्याची.

कारण ‘हस्त’ ह्या धातुसदृश अंशापासून ह्या नावाची फोड करणे सोपे आहे. हात पुढे करणारा, हस्तगत करू पाहणारा, म्हणून हस्तर, अशी व्युत्पत्ती कोणीही क्षणात रचू शकेल आणि ती कथेला इतकी जुळेल की खोडून काढणे जड जाईल. ती चुकीची आहे. हे नाव १८९१ मध्ये कॅलिफोर्नियात, इंग्रजीत, एका वृत्तपत्रीय लेखकाने छापले. तेथून मराठी माणसाच्या चित्रपटापर्यंत ते बहुतांशी अल्पजीवी, अल्पसंख्य प्रतींच्या छापील साहित्यातून आले. त्यातही महत्त्वाचा टप्पा आहे तो भयकथेच्या एका बैठ्या खेळाचा व त्या खेळासाठी निघालेल्या, आज दुर्मिळ झालेल्या छोट्या प्रकाशनांचा. विद्यापीठीय ग्रंथालयांनी ज्यांची क्वचितच दखल घेतली असे हे साहित्य आहे आणि ह्या नावाचे मधले दुवे नेमके त्यातच आहेत.

अ‍ॅम्ब्रोज बिअर्स ह्याची ‘हैता द शेफर्ड’ ही छोटी रूपककथा १८९१ मधली. हैता हा एकटा राहणारा भोळा मेंढपाळ आहे आणि हस्तूर हा त्याचा देव. तो रोज सकाळी हस्तूरची प्रार्थना करतो व कळप घेऊन बाहेर पडतो. हा देव सौम्य आहे, कळपाचा राखणदार आहे; भयाचा त्याच्याशी काही संबंध नाही. बिअर्सने हे नाव कोठून आणले ह्याची चर्चा येथे अप्रस्तुत आहे. कानाला पूर्वेकडचे वाटेल असे काहीतरी त्याला हवे होते एवढे उघड दिसते.

रॉबर्ट चेंबर्स ह्याच्या १८९५ मधील ‘द किंग इन यलो’ ह्या कथासंग्रहात हेच नाव पुन्हा येते, परंतु देव म्हणून नव्हे. एका कथेत ते कारकोसा, हाली अशा काल्पनिक नावांच्या पंक्तीत एखाद्या स्थळासारखे किंवा ताऱ्यासारखे उच्चारले जाते, तर दुसऱ्या कथेत बहिरी ससाण्यांची निगा राखणाऱ्या एका सेवकाचे नाव हस्तूर आहे. म्हणजे चेंबर्सने नादच तेवढा घेतला आणि अर्थ सोडून दिला. ह्या संग्रहातील कथांना जोडणारा धागा म्हणजे वाचणाऱ्याला वेड लावणारे एक नाटक; ते नाटक ग्रंथात फार थोडे दिसते. पुढे एच. पी. लव्हक्राफ्ट (१८९०–१९३७) ह्याने ‘द व्हिस्परर इन डार्कनेस’ ह्या कथेत अनेक अनाकलनीय नावांच्या यादीत हस्तूरचा उल्लेख केला. ही कथा ‘वीअर्ड टेल्स’ ह्या मासिकाच्या ऑगस्ट १९३१ च्या अंकात आली. तेथेही हा कोण, काय, हे सांगितलेले नाही. ते सांगितले ऑगस्ट डर्लेथ ह्याने, मार्च १९३९ च्या ‘वीअर्ड टेल्स’मधील ‘द रिटर्न ऑफ हस्तूर’ ह्या कथेत. डर्लेथला व्यवस्थेची आवड होती. त्याने लव्हक्राफ्टच्या विस्कळीत दैत्यगणाला नातीगोती आणि महाभूते वाटून दिली. हस्तूरच्या वाट्याला वायुतत्त्व आणि क्थुलूशी सावत्र भावाचे नाते आले. अशा रीतीने अठ्ठेचाळीस वर्षांत राखणदार देवाचा महाभयंकर दैत्य झाला.

त्याच १९३९ मध्ये डर्लेथ व डॉनल्ड वॉन्ड्रे ह्यांनी विस्कॉन्सिनमधील सॉक सिटी ह्या गावी ‘आर्कम हाउस’ ही प्रकाशनसंस्था काढली, ती मुख्यतः दिवंगत लव्हक्राफ्टच्या कथा पुस्तकरूपाने याव्यात म्हणून. ‘दि आउटसायडर अँड अदर्स’ हा पहिला संग्रह १,२६८ प्रतींचा होता आणि त्या खपायला काही वर्षे लागली. ज्या लेखकाचे नाव आज जगभर घेतले जाते त्याचा पहिला भरघोस संग्रह आपल्याकडील एखाद्या प्रायोगिक कवितासंग्रहाइतक्याच प्रतींत निघाला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे ह्या साहित्यातील दुवे किती नाजूक आहेत ह्याची कल्पना येते.

येथवरचा प्रवास कथेतून कथेत झाला. पुढची पायरी निराळ्या जातीची आहे. १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन ह्यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ निघाला. पहिल्या आवृत्तीच्या प्रती एक हजार होत्या. ह्याला पट नाही, सोंगट्या अनिवार्य नाहीत; चारसहा माणसे मेजाभोवती बसतात, प्रत्येक जण एका पात्राची भूमिका घेतो आणि एक जण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो. पात्राने काय करावे हे खेळणारा ठरवितो, ते साधले की नाही हे फासे ठरवितात. खेळणारे ह्यास रोल-प्लेइंग गेम म्हणतात. १९८० मध्ये ह्या खेळासाठी देवदेवतांचा जो कोश निघाला, त्यात ग्रीक, ईजिप्शियन, भारतीय अशा दैवतसमूहांबरोबर लव्हक्राफ्टच्या दैत्यांचेही एक प्रकरण होते आणि त्यात हस्तूर होता. हक्कांच्या कारणास्तव ते प्रकरण नंतरच्या छपाईत गाळण्यात आले. पहिल्या छपाईची पृष्ठे १४४, नंतरची १२८. पहिल्या प्रती संग्राहक शोधत असतात ते त्यामुळेच. १९८१ मध्ये सँडी पीटरसन ह्याने रचलेला ‘कॉल ऑफ क्थुलू’ हा खास भयकथेचा खेळ ‘केऑसियम’ ह्या संस्थेने प्रसिद्ध केला.

१९८० च्या कोशात हस्तूरच्या बाबतीत भाषाशास्त्राच्या दृष्टीने लक्षणीय असे काही घडले. लव्हक्राफ्टच्या परंपरेत ‘ज्याचे नाव घेऊ नये तो’ असे एक विशेषण फिरत होते आणि ते हस्तूरला चिकटले होते. कथेत ते केवळ विशेषण होते, वातावरणनिर्मितीचे साधन. खेळाच्या कोशाने त्याचा नियम केला : हे नाव उच्चारल्यास ते त्याला ऐकू जाण्याची ठरावीक शक्यता आहे व मग आपत्ती ओढवते. विशेषणाची आज्ञा झाली, अलंकाराचा विधी झाला. कथेतला वाचक ‘अवाच्य’ हा शब्द वाचून पुढे जातो, परंतु खेळात एखाद्याने थट्टेनेही ते नाव घेतले तर फासे टाकावे लागतात. नामनिषेधाची ही भावना मराठी घराला नवी नाही. रात्री सापाला साप न म्हणता ‘जनावर’ किंवा ‘लांबडे’ म्हणावे, निघताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणावे, बांगडी फुटली न म्हणता ‘वाढवली’ म्हणावे, नारळही वाढवावा. पतीचे नाव घ्यायचे तर ते उखाण्यात गुंफून. ह्या सर्वांच्या मुळाशी शब्द आणि वस्तू ह्यांत अंतर नाही ही समजूत आहे. फरक इतकाच की आपल्याकडे ती समजूत आधी होती आणि नियम मागाहून आला. ह्या खेळात नियम छापून आला आणि समजूत त्याच्या मागून तयार झाली. हस्तूरचे नाव घेऊ नये हा संकेत पुढे इतका रूढ झाला की तो मूळ कथांतच आहे अशी अनेकांची प्रामाणिक धारणा असते.

‘कॉल ऑफ क्थुलू’ ह्या खेळाला लागणारे प्रसंग पुरविण्यासाठी संग्रह निघू लागले. मूळ संस्थेचे होतेच. परवानगी घेऊन छोट्या प्रकाशकांनीही ते काढले. ‘थिएटर ऑफ द माइंड एंटरप्राइझेस’ ह्या छोट्या संस्थेने १९८३ व १९८४ ह्या दोन वर्षांत अशी पाच पुस्तके काढली. त्यांपैकी १९८४ मधील एकाचे शीर्षक फ्रेंच आहे : ‘ग्लोझेल एत ओथांतिक’, म्हणजे ‘ग्लोझेल अस्सल आहे’. हे शीर्षक लिपिशास्त्राच्या विद्यार्थ्याला परिचित असणाऱ्या एका वादातून उचलले आहे. फ्रान्समध्ये व्हिशी शहराजवळ ग्लोझेल ह्या वस्तीत १ मार्च १९२४ रोजी एमिल फ्रादँ ह्या सतरा वर्षांच्या शेतकऱ्याच्या मुलाला, नांगर ओढणाऱ्या गाईचा पाय खड्ड्यात गेल्यामुळे, जमिनीखालील एक पोकळी सापडली. पुढे तेथून अनाकलनीय चिन्हे कोरलेल्या मातीच्या विटा निघाल्या. लेखनकलेचा उगम युरोपात की पूर्वेत, असा प्रश्न त्यावरून पेटला. १९२७ मध्ये आंतरराष्ट्रीय आयोगाने त्या वस्तू बनावट ठरविल्या, फ्रादँवर खटला झाला आणि १९३१ मध्ये तो निर्दोष सुटला. १९७४ मधील तापदीप्ती-चाचण्यांनी काही वस्तूंना बऱ्यापैकी प्राचीन कालखंड दिला आणि वाद पुन्हा उघडला. भयकथेच्या खेळाला हा विषय सुचावा हे स्वाभाविक होते, कारण न वाचता येणारा लेख हे भयाचे फार जुने साधन आहे.

ह्या संग्रहांच्या भाषेकडे साहित्याच्या अभ्यासकांनी फारसे वळून पाहिलेले नाही. ती कथेची भाषा नव्हे, नाटकाचीही नव्हे. एका संहितेत तीन प्रकारची वाक्ये आलटून पालटून येतात. पहिली भूतकाळातील : पूर्वी काय घडले हे केवळ सूत्रधाराने जाणायचे. दुसरी वर्तमानकाळातील, द्वितीयपुरुषी : तुम्हाला समोर अमुक दिसते, तमुक ऐकू येते, ही मोठ्याने वाचून दाखवायची. तिसरी संकेतार्थी : खेळणाऱ्यांनी दार उघडले तर असे, न उघडले तर तसे. शेवट लिहिलेला नसतो; असलाच तर अनेकांपैकी एक म्हणून. आपल्याकडे ह्याला जवळचे उदाहरण शोधायचे तर ते कथासंग्रहांत मिळणार नाही. पुरोहिताच्या प्रयोगपोथीत ‘असे करावे’ हा विधी आणि ‘असे म्हणावे’ हा मंत्र ह्यांची अशीच सरमिसळ असते. तमाशातील वगही ह्याच घराण्यातला : कथानकाचा सांगाडा ठरलेला, पदे बांधलेली, पण संवाद नटांनी त्या रात्री, त्या प्रेक्षकांपुढे, ऐनवेळी रचायचे. वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) ह्यांच्या काळी वगाची जी रीत होती तीत लिखित संहितेपेक्षा फडातल्या माणसांची स्मरणशक्ती व हजरजबाब महत्त्वाचा होता. वाचनाने पूर्ण होत नाही, सांगितल्यानेच पूर्ण होते, असा हा ग्रंथप्रकार आहे; आणि म्हणूनच नुसते वाचणाऱ्या समीक्षकाला तो अर्धवट वाटतो.

आरेवाडीच्या परिसरात गायल्या जाणाऱ्या धनगरी ओव्यांतही गायन आणि गद्य सांगणे असे दोन पदर असतात. ओवी गायली जाते आणि मग तीच हकीकत बोलून उलगडली जाते. एक पुढे होतो, बाकीचे साथ धरतात. ह्या परंपरेचा साक्षेपी अभ्यास गुंथर सोन्थायमर (१९३४–१९९२) ह्यांनी केला. त्यांचा बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा ह्यांवरील जर्मन ग्रंथ १९७६ मध्ये आला, इंग्रजी भाषांतर १९८९ मध्ये. वाळवे तालुक्यातील बागणीच्या सरोजिनी बाबर (१९२०–२००८) ह्यांनी लोकसाहित्य समितीच्या द्वारे जे संकलन केले तेही ह्याच मातीतले. तथापि ह्या कामाला एक पूर्वपीठिका आहे आणि तिची येथे आठवण होणे अपरिहार्य आहे, कारण मराठी भुतांचा पहिला मोठा छापील कोश तेथे आहे.

नाशिकचे कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन ह्यांनी लोकसमजुतींविषयी एक प्रश्नावली तयार करून ती शाळामास्तरांकडे धाडली होती. २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे ह्यांनी नाशिकच्या नाट्यगृहात जॅक्सन ह्यांचा वध केला, ही घटना सर्वश्रुत आहे. जमलेली उत्तरे मात्र उरली. आर. ई. एन्थोव्हेन ह्यांनी ती संपादून गुजरातचा खंड १९१४ मध्ये व कोकणाचा १९१५ मध्ये प्रसिद्ध केला. १९२४ मध्ये त्याचाच विस्तृत ग्रंथ निघाला. वेताळ, मुंजा, समंध, हडळ, खवीस, झोटिंग, चकवा, गिऱ्हा, आसरा अशी सारी मंडळी तेथे आहेत. कोण कशाने मरून भूत होतो, कोठे वसतो, कशाने हटतो, हे क्रमाने दिले आहे. उत्तरांखाली मास्तरांच्या गावांची नावे आहेत. ही नावेही बोलकी आहेत. ‘मुंजा’ हा मुंजीनंतर, सोडमुंज न होता वारलेला बटू. ‘समंध’ हा संस्कृत ‘संबंध’, मरूनही न सुटलेला. ‘आसरा’ म्हणजे अप्सरा, विहिरीतळ्यांच्या काठी उतरून भयप्रद झालेली. आणि ‘खवीस’ अरबीतून, दुष्ट ह्या अर्थाच्या शब्दावरून आलेला. एका यादीत दोन भाषाकुलांचा सहवास आहे. परंतु ग्रंथ इंग्रजीत आहे. भूताचे नाव उरले, त्याभोवतीचे मराठी वाक्य गेले. ‘त्याला धरले’, ‘तिला लागले’, ‘अंगात आले’, ‘बाहेरचे आहे’ ह्या चतुर्थीच्या आणि अकर्तृक वाक्यांत मराठी माणसाने भयाची जी मांडणी केली आहे तिचा त्या कोशात मागमूस नाही. इंग्रजीत माणूस भूत पाहतो, मराठीत ते त्याला दिसते. भीती आपण बाळगत नाही. ती आपल्याला वाटते.

हा भेद नारायण धारप (१९२५–२००८) ह्यांच्या लेखनाकडे पाहताना कामास येतो. धारपांवर परभाषेतून उचलल्याचा आक्षेप वारंवार घेतला जातो आणि वस्तुस्थिती म्हणून तो खोटा नाही. ‘लुचाई’मागे स्टीफन किंगची ‘सेलम्स लॉट’ (१९७५) उभी आहे हे उघड आहे. लव्हक्राफ्टची छाया त्यांच्या कितीतरी कथांवर आहे. पण आक्षेपकांनी काय उचलले हे मोजले, काय बदलले हे पाहिले नाही. ‘कॉल ऑफ क्थुलू’ ह्या खेळात प्रत्येक पात्राला मनःस्वास्थ्याचे गुण असतात. भयंकर काही दिसले की ते घटतात, आणि गूढ ज्ञान जसजसे वाढते तसतशी त्या गुणांची कमाल मर्यादाच खाली येते. जाणणे म्हणजे झिजणे, असा तो हिशेब आहे आणि लव्हक्राफ्टच्या वृत्तीशी तो प्रामाणिक आहे. धारपांच्या ‘समर्थ’ कथांत पलीकडून येणारे अनिष्ट तसेच अमानुष, तसेच अनाकलनीय आहे. परंतु तेथे जाणणारा झिजत नाही. समर्थांचे ज्ञान हे अधिकाराने आलेले आहे, ते रक्षण करते, आणि सांगणारे अप्पा हे त्या आश्रयाखाली राहून सांगतात. एकाच अमेरिकन मासिकाच्या दोन वारसांनी, एकमेकांच्या वाटेला न जाता, ज्ञानाविषयी नेमकी उलट भूमिका घेतली. ही केवळ वेशभूषेची मराठीकरणाची बाब नव्हे. ‘बाधा’ आणि ‘उतारा’ ही जोडी ज्या भाषेत आहे त्या भाषेत निरुपाय भयाला घर मिळणे कठीण असते; रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) ह्यांनी ‘खेकडा’ सारख्या कथांत तसे भय मराठीत आणले ते माणसाच्या मनाच्या वाटेने, बाहेरच्या दैत्याच्या वाटेने नव्हे.

आता हस्तूरकडे परतता येईल. स्टीफन किंगची ‘ग्रॅमा’ ही कथा १९८४ मध्ये ‘वीअर्डबुक’ ह्या छोट्या खाजगी मासिकात प्रथम आली व १९८५ मध्ये ‘स्केलेटन क्रू’ ह्या संग्रहात समाविष्ट झाली. ग्लोझेलच्या नावाचा खेळसंग्रह निघाला तेच हे वर्ष. कथेत एक मुलगा आपल्या जख्ख, अंथरुणाला खिळलेल्या आजीबरोबर घरात एकटा आहे. आजीचा जुन्या, निषिद्ध शक्तींशी संबंध होता. मेलेली आजी उठू लागते तेव्हा तिला हस्तूरच्या नावाने पडून राहायला सांग, असा सल्ला मुलाला मिळतो. येथे नाव पुन्हा बदलले : उच्चारल्याने आपत्ती आणणारे नाव नव्हे, तर दटावण्याचे, बांधून ठेवण्याचे नाव. धारपांची ‘आजी’ ही ‘ग्रॅमा’चे मराठी रूपांतर होय. १९९३ मध्ये नागझिऱ्याच्या अभयारण्यात राही बर्वे ह्यांना ही कथा एका मित्राने सांगितली. पहिला मसुदा त्यांनी १९९७ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, लिहिला. चित्रीकरण २०१२ मध्ये सुरू झाले, पुढे बरेच काम नव्याने करावे लागले आणि चित्रपट २०१८ मध्ये आला. शीर्षक श्री. ना. पेंडसे ह्यांच्या ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) ह्या कादंबरीवरून सुचलेले. चित्रपटाच्या आरंभीच्या भागात वाड्यातील ती साखळदंडात जखडलेली म्हातारी आहे, आणि तिला निजविण्यासाठी घ्यायचे नाव आहे हस्तर.

‘हस्तूर’चे ‘हस्तर’ होणे हे ध्वनिपरिवर्तन नव्हे. मराठीच्या शुद्धलेखनात अकारान्त शब्दाचे उपान्त्य उ-कार दीर्घ होतात. तेव्हा हे नाव जसेच्या तसे घेतले असते तर ते ‘हस्तूर’ झाले असते आणि ‘दस्तूर’, ‘मजकूर’ ह्यांच्या पंक्तीला बसले असते. म्हणजे कानाला ते फारसीतून आलेले, दप्तरातले वाटले असते. उ-काराच्या जागी अ-कार येताच ते ‘प्रस्तर’, ‘संस्तर’ ह्यांच्या शेजारी जाते आणि संस्कृतोद्भव भासते. पूर्तीच्या देवीच्या पुत्राला असेच नाव हवे. हा बदल जाणूनबुजून झाला की सांगण्या-ऐकण्यात आपोआप झाला, ह्यापेक्षा महत्त्वाचे हे की तो ज्या दिशेला झाला ती दिशा मराठी कानाने ठरविली. ‘कपित्थ’चे ‘कवठ’ व्हायला शतके लागली आणि त्यात कोणाची इच्छा नव्हती. येथे एका स्वराने एका फटक्यात नावाचे कूळ बदलले.

१८९१ आणि २०१८ ही दोन टोकेच ज्याच्यापुढे असतील त्याला साम्य योगायोगाचे वाटेल आणि तो संस्कृत कोश उघडेल. मधले दुवे म्हणजे ‘वीअर्ड टेल्स’चे हलक्या कागदाचे अंक, १,२६८ प्रतींचा एक संग्रह, पृष्ठे गाळलेला एक कोश, पाच-सहा वर्षांत नाहीसे झालेल्या प्रकाशकांची खेळपुस्तके, ‘वीअर्डबुक’चा एक अंक. आणि मराठीकडून वाचनालयांतून हातोहात फिरून पाने सुटलेली धारपांची पुस्तके, ज्यांतील बरीचशी अलीकडे साकेत प्रकाशनाने पुन्हा छापली म्हणून निदान मजकूर तरी हाताशी आहे. मूळ आवृत्त्या जमवून ठेवण्याचे काम आपल्या ग्रंथालयांनी ‘करमणुकीची पुस्तके’ म्हणून टाळले. बाबूराव अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक रहस्यकथांचे जे झाले तेच ह्यांचे झाले. कोशकाराला एखादा शब्द प्रथम कोठे आला हे दाखवायचे असते तेव्हा नेमकी हीच पुस्तके लागतात.

अशी चूक काल्पनिक नाही. १९८९ मध्ये ‘केऑसियम’च्या एका खेळसंग्रहात केव्हिन रॉस ह्याची हस्तूर-परंपरेतील एक प्रसंगसंहिता आली आणि तिच्याबरोबर चेंबर्सच्या ‘पीत चिन्हा’ची एक आकृती आली. चेंबर्सने त्या चिन्हाचे रूप कधीच सांगितले नव्हते. आज मात्र ती १९८९ ची आकृती १८९५ ची म्हणून सर्वत्र दाखविली जाते.

आरेवाडीच्या बनात जे नाव घेतले जाते त्याला असा धोका नाही, कारण ते सांगणारे अजून आहेत व त्यांच्या मुखी पिढ्यांची साखळी आहे. हस्तरच्या साखळीत तोंडी दुवा एकच, नागझिऱ्याचा. बाकीचे सारे दुवे कागदाचे आहेत.